दिव्याखालचा हिशेब

महिन्याच्या अखेरीस आपल्या घरीं विजेचें बिल येतें. किती युनिट वीज जळली, दर युनिटास किती पैसे पडले, त्यावर आकार कोणते व कर कोणते, हें सारें त्यांत रकान्यांनिशीं मांडलेलें असतें. तें बिल भरलें म्हणजे आपण विजेची किंमत चुकती केली, असा आपला समज होतो. हा समज अपुरा आहे, एवढेंच मला आजच्या भाषणांत दाखवावयाचें आहे. विजेच्या किंमतीचा एक मोठा भाग या बिलांत कधींच येत नाहीं. तो दुसऱ्याच कोणाच्या तरी खातीं पडतो. आणि ज्याच्या खातीं पडतो, त्याचें नांव बहुधा कोणत्याहि कागदावर नसतें. दिव्याखालीं अंधार, ही म्हण आपण सहज बोलून जातों. तो अंधार नेमका कोठें पडला आहे, हें पाहण्यासाठीं फार दूर जाण्याचें कारण नाहीं. पाणी, कोळसा, अणु, आणि आतां सूर्य व वारा, या साऱ्या साधनांचीं वीजघरें आपल्या एका महाराष्ट्रांतच आहेत, आणि शंभर वर्षांहून अधिक काळाचा अनुभवहि आपल्या पदरीं आहे.

या अनुभवाची छाननी करतांना प्रत्येक साधनास मी तीनच प्रश्न विचारणार आहें. पहिला, याची किंमत कोण देतो? दुसरा, ती किती काळ द्यावी लागते? आणि तिसरा, चूक झाली असें मागाहून कळलें, तर ती दुरुस्त करतां येते काय?

आरंभ पाण्यापासून करूं. विसाव्या शतकाच्या प्रारंभीं मुंबईच्या कापडगिरण्या वाफेच्या एंजिनांवर चालत. त्यांच्यासाठीं कोळसा फार दुरून आणावा लागे, आणि गिरणगांवावर धुराचें छत पसरलेलें असे. सह्याद्रीच्या माथ्यावर दर पावसाळ्यांत धो धो पडणारें पाणी वरच अडवावें आणि नळांतून कोंकणाच्या पायथ्याशीं सोडावें, म्हणजे त्या पडण्याच्या जोरावर वीज उत्पन्न होईल, ही कल्पना जमशेटजी टाटांनीं उचलून धरली. ते १९०४ सालीं वारले. त्यांच्या पश्चात् १९१० सालीं कंपनी उभी राहिली आणि १९१५ सालीं खोपोलीचें वीजघर सुरू झालें. या योजनेचें मर्म अगदीं सोपें आहे. एक हजार लिटर पाणी ५०० मीटर उंचीवरून खालीं सोडलें, तर त्यापासून सुमारें सव्वा युनिट वीज मिळते. खोपोलीस उंची याहूनहि थोडी अधिक आहे. इंधन नाहीं, धूर नाहीं, राख नाहीं. डोंगर आणि पाऊस हेंच काय तें भांडवल! १९२२ सालीं भिवपुरीचें आणि १९२७ सालीं भिऱ्याचें वीजघर सुरू झालें, आणि मुंबईच्या गिरण्यांना व आगगाड्यांना सह्याद्रीची वीज मिळूं लागली.

परंतु भिऱ्याच्या वीजघराला लागणारें पाणी मुळशीच्या धरणांत सांठवावयाचें होतें, आणि त्या जागीं माणसें राहत होतीं. नीला व मुळा या नद्यांच्या खोऱ्यांतील सुमारें पन्नास गांवांवर त्या धरणाचें संकट आलें. आंबेमोहोर तांदुळासाठीं नांवाजलेला तो मुलूख. सरकारनें भूमि-संपादनाचा १८९४ चा कायदा लावून या जमिनी कंपनीसाठीं ताब्यांत घेण्याचें ठरविलें. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मावळ्यांनीं धरणाच्या कामावर सत्याग्रह आरंभिला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट यांस ‘सेनापति’ हें नांव मिळालें तें याच लढ्यांत. लढा १९२४ पर्यंत चालला, हरला, आणि धरण पुरें झालें.

या प्रकरणांतील एक गोष्ट मात्र फारशी बोलली जात नाहीं. मुळशीच्या ज्या जमिनी बुडाल्या, त्यांपैकीं कित्येकींवर कागदोपत्रीं नांव होतें तें पुण्याच्या सावकारांचें. कर्जापोटीं त्या जमिनी त्यांच्याकडे गेल्या होत्या. नांगर धरणारा कुणबी त्यांवर कूळ म्हणून राबत होता. मोबदल्याचा आकडा समाधानकारक दिसूं लागतांच पुष्कळ सावकारांचा लढ्यांतील उत्साह ओसरला. ज्याच्या नांवें सात-बारा त्याला पैसे मिळाले. ज्याचा घाम त्या मातींत मुरला होता, त्याचें नांव हिशेबाच्या वहींत आलेंच नाहीं. श्रोतेहो, ही गोष्ट आपण ध्यानांत ठेवावी. पुढील प्रत्येक साधनाच्या वेळीं ती आपणांस पुनः पुनः भेटणार आहे.

स्वातंत्र्यानंतर कोयनेचें धरण झालें. १९६२ पासून तेथें वीज निर्माण होऊं लागली. पुढें एकामागून एक टप्पे वाढत जाऊन ही योजना १९०० मेगावॉटांच्याहि वर गेली, आणि महाराष्ट्राच्या उद्योगांचा ती कणा ठरली. तिच्यासाठींहि खोऱ्यांतील गांवें उठलीं, आणि त्या विस्थापितांचे पुनर्वसनाचे प्रश्न पिढ्या उलटल्या तरी पुरते सुटले नाहींत. त्यांतच ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे कोयनानगरच्या परिसरांत मोठा भूकंप झाला आणि दीडशेंहून अधिक माणसें दगावलीं. जलाशयाच्या भारानें व भूगर्भांत झिरपलेल्या पाण्यानें तो भूकंप ओढवला, असें बहुतेक शास्त्रज्ञांचें मत आहे; अशा भूकंपांच्या जागतिक अभ्यासांत कोयनेचें उदाहरण नेहमीं घेतलें जातें. तेव्हां पाण्याला आपले तीन प्रश्न विचारले, तर उत्तर असें येतें: किंमत देतो तो खोऱ्यांतला माणूस, ती देतो तो पिढ्यान् पिढ्या, आणि एकदां बुडालेलें गांव पुन्हां वर काढतां येत नाहीं.

आतां कोळसा. देशांत निर्माण होणाऱ्या विजेचा सर्वांत मोठा वांटा आजहि कोळशाचाच आहे. आपल्याकडे याचें मुख्य ठाणें चंद्रपूर. तेथील औष्णिक वीजकेंद्र २९२० मेगावॉटांचें आहे. हें केंद्र मुंबईपासून किती दूर! परंतु चंद्रपूरहून थेट ठाणें जिल्ह्यांतील पडघ्यापर्यंत सुमारें ७५० किलोमीटर लांबीची उच्च दाबाची वाहिनी टाकलेली आहे. वीज त्या तारेवरून पश्चिमेकडे येते. धूर आणि राख मात्र चंद्रपुरासच राहतात. २००९ सालीं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें देशांतील अत्यंत प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची जी यादी प्रसिद्ध केली, तींत चंद्रपूरचें नांव अगदीं वरच्या रांगेंत होतें.

हा हिशेब आपल्या घरापुरता करून पाहूं. महिना १०० युनिट वीज वापरणारें एखादें लहान कुटुंब घ्या. ही सारी वीज कोळशाची असेल, तर तिच्यासाठीं आपल्या देशांतील कोळसा सुमारें ७० किलो जाळावा लागतो. आपल्या कोळशांत राख फार. तेव्हां त्या सत्तर किलोंतून पंचवीसएक किलो राख उरते. आणि आकाशांत जो कर्बवायु जातो, त्याचें वजन ९० किलोंच्या आसपास भरतें. कोळशापेक्षां धुराचें वजन अधिक कसें, असें कोणी विचारील. त्याचें कारण असें कीं, जळतांना कर्बाचे १२ भाग हवेंतील प्राणवायूचे ३२ भाग ओढून घेतात आणि ४४ भागांचा वायु होतो. हा वायु शेंकडों वर्षें वातावरणांत टिकतो, पृथ्वीची उष्णता कोंडून धरतो आणि पर्जन्याचें मान बिघडवितो. मराठवाड्यांतील ज्या शेतकऱ्याचें सोयाबीन अवेळीं पावसानें कुजतें, त्यानें कदाचित् उभ्या वर्षांत आपल्या गिरणगांवच्या एका दुकानाइतकीहि वीज जाळलेली नसते.

आणि खाणी? १९७५ च्या २७ डिसेंबरला बिहारांतील, म्हणजे हल्लींच्या झारखंडांतील, चासनाला येथील खाणींत पाणी शिरून साडेतीनशेंहून अधिक कामगार प्राणास मुकले. झरियाच्या कोळशाच्या थरांत शंभर वर्षांपूर्वीं लागलेली आग अद्यापि पुरती विझलेली नाहीं. कोळशाची वीज स्वस्त आहे असें म्हणतात तेव्हां खाणींतला मजूर, चंद्रपूरच्या मुलांचीं फुप्फुसें आणि मराठवाड्याचा पाऊस हे तिन्ही रकाने कोरे सोडलेले असतात. तथापि एक न्याय कोळशालाहि द्यावयास हवा. रात्रीबेरात्रीं, उन्हाळ्यांत, पावसाळ्यांत, मागाल तेव्हां वीज देणारें साधन म्हणून त्यानें या देशाचे कारखाने, इस्पितळें आणि शेतीचे पंप चालविले. त्याची निंदा करणें सोपें आहे. त्याची जागा भरून काढणें अवघड आहे.

तिसरें साधन अणु. तारापूरचें केंद्र १९६९ सालीं सुरू झालें. भारतांतील अणुविजेचा आरंभ तेथूनच. अणूविषयीं आपल्या मनांत मोठें भय असतें, म्हणून प्रथम एक गोष्ट स्पष्ट सांगावयास हवी. निर्माण झालेल्या विजेच्या मानानें बळी मोजले, तर कोळसा हा अणूपेक्षां कितीतरी पटींनीं घातक ठरतो. कोळशाचे बळी रोज थोडे थोडे जातात, म्हणून ते वर्तमानपत्रांत येत नाहींत इतकेंच. परंतु अणूचा दोष निराळा आहे. त्याचा अपघात क्वचित् होतो, पण झाला कीं प्रदेशच्या प्रदेश ओस पडतो. १९८६ सालीं चेर्नोबिल येथें व २०११ सालीं जपानांत फुकुशिमा येथें जगानें तो पाहिला. फुकुशिमाच्या वेळीं लाखाहून अधिक माणसांना घरेंदारें सोडावीं लागलीं. शिवाय जळून उरलेल्या इंधनांतील प्लुटोनियमचें तेज निम्म्यावर येण्यास २४ हजार वर्षें लागतात. त्या मुदतीपुढें शिवशाहीपासूनचा आपला सारा इतिहास म्हणजे एका दुपारची गोष्ट! जे अजून जन्मलेच नाहींत, त्यांच्या खातीं आपण हें देणें लिहून ठेवतों. आणि जवळचा हिशेबहि सुटत नाहींच. तारापूरच्या पुढील दोन अणुभट्ट्यांसाठीं आक्करपट्टी व पोफरण हीं गांवें उठवावीं लागलीं, आणि समुद्रावर पोट असलेल्या माणसांना समुद्रापासून दूर जावें लागलें.

आतां सूर्य आणि वारा यांकडे वळूं; कारण आजची खरी वाटचाल तिकडेच आहे. या शतकांत या क्षेत्रांत जें घडलें, तें पूर्वीं कोणी सांगितलें असतें तर खरें वाटलें नसतें. २०१० च्या डिसेंबरांत केंद्र सरकारनें सौर विजेसाठीं बोल्या मागविल्या, तेव्हां दर युनिटास सरासरी १२ रुपयांच्या आसपास भाव आला. २०१७ च्या मे महिन्यांत राजस्थानांतील भडला येथील बोलींत तोच भाव २ रुपये ४४ पैशांवर उतरला. सातच वर्षांत जो माल पांचवा हिस्सा किंमतीला मिळूं लागतो, त्याला महाग म्हणण्याची सोय राहत नाहीं. आपल्याकडे धुळें जिल्ह्यांत साक्री तालुक्यांतील शिवाजीनगर येथें २०१३ सालीं १२५ मेगावॉटांचें सौर केंद्र उभें राहिलें. सातारा जिल्ह्यांतील वनकुसवड्याच्या पठारावर तर पवनचक्क्यांची रांग त्याहि आधींपासून फिरत आहे. आणि निसर्गाची योजना पाहा: पावसाळ्यांत आभाळ भरून सूर्य झांकतो, नेमका त्याच वेळीं सह्याद्रीच्या पठारांवर वारा जोरानें वाहतो. एकाची उणीव दुसरा कांहीं अंशीं भरून काढतो.

तरीहि येथें एका आंकड्यानें फसूं नये. २०२५ च्या मध्यास देशाच्या एकूण वीज-क्षमतेपैकीं निम्मी क्षमता कोळसा, तेल व वायु यांखेरीज इतर साधनांची झाली, असें सरकारनें जाहीर केलें. ही गोष्ट अभिमानाची खरीच. पण क्षमता म्हणजे उत्पादन नव्हे. सौर पत्रा रात्रीं झोंपतो आणि सकाळ-संध्याकाळ अर्धवट जागा असतो. वर्षाची सरासरी काढली तर तो आपल्या पूर्ण क्षमतेच्या पांचव्या ते चौथ्या हिश्शाइतकीच वीज देतो. म्हणून क्षमता निम्मी असूनहि त्या सुमारास प्रत्यक्ष विजेपैकीं शेंकडा ७० हून अधिक वीज कोळशाचीच होती. घरोघर दिवे लागतात तेव्हां सूर्य मावळलेला असतो. सगळा पेंच या एका वाक्यांत आहे. दिवसाची वीज रात्रीसाठीं सांठवावी कशी, हा आजचा मुख्य प्रश्न होय.

विजेऱ्यांचे मोठमोठे संच हा त्याचा एक उपाय आहे. दुसरा उपाय आपणांस पुन्हां सह्याद्रीकडे घेऊन जातो. डोंगराच्या वर एक तलाव व पायथ्याशीं एक तलाव असावा. दुपारीं सूर्याची वीज विपुल असते, तेव्हां तिच्या बळावर खालचें पाणी वर चढवावें. रात्रीं तेंच पाणी खालीं सोडून वीज घ्यावी. १०० युनिट खर्चून वर चढविलेलें पाणी परत येतांना ७५ ते ८० युनिट देतें. मधली तूट ही सांठवणुकीची मजुरी समजावी. नगर व ठाणें जिल्ह्यांच्या सीमेवर घाटघर येथें अशी २५० मेगावॉटांची योजना २००८ सालापासून आहे. भिऱ्यासहि असा एक संच बसविलेला आहे. आणि २०२३ व २०२४ सालीं राज्य सरकारनें अशा नव्या योजनांसाठीं अनेक कंपन्यांशीं करार केले आहेत. त्यांसाठीं पाहिलेल्या जागा अर्थातच बव्हंशीं सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर व खोऱ्यांत आहेत.

श्रोतेहो, येथें मुळशीची आठवण होते. पाणी तेंच, डोंगर तेच, आणि खोऱ्यांतील माणसेंहि बहुधा त्याच जातकुळीचीं: लहान शेतकरी, महादेव कोळी, कातकरी, धनगर. या योजनांचे तलाव मुळशीच्या मानानें लहान असतात, आणि त्यांची गरजहि खरी आहे. मी त्यांच्या विरुद्ध बोलत नाहीं. परंतु शंभर वर्षांपूर्वीं ज्या माणसाचें नांव वहींत आलें नाहीं, त्याच माणसाचें नांव या वेळींहि गळणार असेल, तर आपण एका शतकांत यंत्रें तेवढीं बदललीं असें म्हणावें लागेल.

जमिनीचा प्रश्न सूर्यालाहि सुटलेला नाहीं. एक मेगावॉट सौर विजेस चार ते पांच एकर जागा लागते. या बाबतींत एक चांगला पायंडा मात्र महाराष्ट्रांत पडला आहे. शेतीच्या पंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषि वाहिनीची योजना २०१७ सालीं निघाली. तिच्या २०२३ च्या सुधारलेल्या रूपांत शेतकऱ्याची जमीन विकत न घेतां भाड्यानें घेतली जाते. दर हेक्टरी वर्षास सव्वा लाख रुपये भाडें मिळतें आणि तें दरसाल शेंकडा ३ नें वाढतें. जमिनीची मालकी शेतकऱ्याचीच राहते. मुळशीच्या कुणब्याला असा पर्याय कोणी दिला असता तर! रात्रीं बिबट्याच्या व सापाच्या भीतींत बारें देणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा पाणी सोडतां यावें, हा लाभहि लहान नव्हे.

पण याच योजनांसाठीं गांवोगांवची सरकारी गायरानेंहि वापरलीं जातात. गायरान कागदावर सरकारचें. वहिवाटीनें मात्र तें मेंढपाळाचें, शेळ्या राखणाऱ्या विधवेचें, सरपण वेंचणाऱ्या भूमिहीनाचें. भाडें कोणाला द्यावयाचें? सात-बारावर तर त्यांचें नांव नाहीं! मुळशीच्या कुळाची हीच कथा होती. तसेंच चंद्रपूर-यवतमाळकडे कोळशाच्या खाणी एक दिवस थंडावतील, तेव्हां तेथील कंत्राटी मजुराचें काय होणार? कायम नोकराला निवृत्तिवेतन असतें. कंत्राटी मजुराचें नांव ठेकेदाराच्या हजेरीबुकापलीकडे कोठेंच नसतें. पंचवीस-तीस वर्षांनीं निकामी होणारे कोट्यवधि सौर पत्रे कोण गोळा करणार, हेंहि आजच लिहून ठेवावयास हवें.

मग सूर्य व कोळसा सारखेच काय? मुळींच नाहीं. आपले तीन प्रश्न पुन्हां लावून पाहा. सूर्य-वाऱ्याची किंमतहि कोणीतरी देतोच. परंतु ती मोजकी आहे, डोळ्यांना दिसते, आणि इच्छा असेल तर पैशानें भरून देतां येते. चूक झाली तर पत्रे उचलून माळ मोकळा करतां येतो, पवनचक्की उतरवितां येते. आकाशांत सोडलेला कर्बवायु परत बोलावतां येत नाहीं. बुडालेलें खोरें परत मिळत नाहीं. प्लुटोनियमला लवकर निव म्हणून सांगतां येत नाहीं. ज्या साधनाची चूक दुरुस्त होऊं शकते, तें साधन शहाण्या समाजानें आधीं निवडावें. म्हणून सूर्य-वाऱ्याकडे जाण्याचा मार्ग मला योग्य वाटतो, आणि त्या मार्गानें आजच्याहून वेगानें जावें असेंहि वाटतें. परंतु वेगाच्या नांवाखालीं हिशेबाची वही घरीं विसरूं नये.

यासाठीं करावयाचें तें फार गूढ नाहीं. भूमि-संपादनाचा जुना कायदा जाऊन २०१३ चा नवा कायदा आला, त्यांत एखाद्या योजनेचा समाजावर काय परिणाम होईल याची आगाऊ पाहणी करण्याचें तत्त्व मान्य झालें आहे. तेंच तत्त्व प्रत्येक सौर माळाला व प्रत्येक घाटमाथ्यावरच्या तलावाला लावावें. पाहणी सात-बारावरून न करतां जमिनीवर जाऊन करावी: येथें कोण राबतो, कोण चारतो, कोण पाणी भरतो, त्यांचीं नांवें ग्रामसभेंत वाचून दाखवावीं. एकरकमी मोबदल्यापेक्षां वर्षासनाचा वांटा द्यावा, म्हणजे योजना जोंवर कमावते तोंवर तीं माणसेंहि कमावतील. यानें युनिटामागें चार पैसे वाढतील, असें कोणी म्हणेल. वाढोत बापडे! ते पैसे नवे नव्हेत. आजवर तेच पैसे दुसरा कोणी तरी आपल्यावतीनें भरीत होता.

आणि सरतेशेवटीं आपल्या घरांतील गोष्ट. साठ वॉटचा जुना दिवा जेवढा उजेड देत असे, तेवढाच आज नऊ वॉटचा एल. ई. डी. दिवा देतो. जी वीज आपण जाळलीच नाहीं, तिच्यासाठीं खाण खणावी लागत नाहीं, खोरें बुडवावें लागत नाहीं, कीं माळ झांकावा लागत नाहीं. सर्व साधनांत ही एकच वीज अशी, कीं जिचें बिल कोणाच्याच नांवें निघत नाहीं.

यापुढें अमुक वीज स्वस्त आहे असें आपल्या कानीं येईल, तेव्हां ती कोणाला स्वस्त आहे, एवढा एकच प्रश्न आपण विचारावा, ही विनंति करून मी आपली रजा घेतों.